आतल्या बाजूची चकाकी

सुरीचं पातं भोपळ्यात राहिलं आणि मूठ आत्याच्या हातात आली.

स्वयंपाकघरात आम्ही तिघं होतो; आत्या, माझा धाकटा भाऊ आणि मी. चौथा भोपळा. त्यातल्या त्यात तोच सावरलेला दिसत होता.

मूठ साधी नव्हती. आतोबा गेल्यावर त्यांची चालायची काठी आत्याने दोन वर्षं कोपऱ्यात उभी ठेवली आणि मग भावापुढे आणून आडवी केली. भाऊ हाताने सुऱ्या बनवतो. "यांचा हात जिथे असायचा, तिथलंच लाकूड घे," ती म्हणाली होती. तेवढा एक टीचभर तुकडा. बिघडला असता तर दुसरा मागायला आतोबांकडेच जावं लागलं असतं.

भावाने पात्याच्या मागे निघालेल्या निमुळत्या शेपटावर आधी शिंगाचा तुकडा, मग पितळेची चकती आणि शेवटी ते लाकूड ओवून गोंदाने बसवलं होतं. आता लाकूड आत्याच्या मुठीत होतं आणि चकती फरशीवर गरगरत होती.

"मी वाकडं धरलं का रे?" आत्याने हळूच विचारलं.

"नाही गं. माझंच चुकलं काहीतरी." भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पंचवीस वर्षांत असं झालं नाही." हे तो भोपळ्याला सांगत होता.

त्याने चकती उचलली. तीत त्याला स्वतःचा चेहरा दिसला. दिसायला तो बरा आहे, तरी दचकला.

"मी हिला ओरखडे पाडले होते. गुळगुळीत धातूला गोंद धरत नाही. शेपटालाही पाडले होते. स्वच्छ पुसून, रात्रभर झाकून ठेवलं होतं सगळं."

मूठ बसवायच्या दिवशी सकाळी फडक्याखाली ती ओरखडलेली चकती मलाच सापडली होती. बिचाऱ्याची नजर गेली, असं वाटून मी पाऊण तास घासून तिचा आरसा केला. शेपटाचाही. वर गंज नको म्हणून शिलाई मशीनचं तेल. कालवलेला गोंद पाच मिनिटांत दगड होतो, त्यामुळे भाऊ तेव्हा काही न्याहाळत बसत नाही, भराभर ओवतो.

"ती मी पुसली," मी म्हणालो.

"पुसली?"

"चमकवली. थोडं तेलही लावलं."

भावाने चकती खाली ठेवली. "दादा, तू रिटायर कशाला झालास रे?"

आत्याने लाकूड खिडकीपाशी नेलं, बोट फिरवत चारी बाजूंनी पाहिलं. कुठे चीर नव्हती, टवका नव्हता. मग ती खाली बसली.

"यांनाही चांगलं चाललेलं दुरुस्त करायची फार हौस," ती म्हणाली. चकती आणि भावाचा खरखरीत पॉलिशपेपर तिने माझ्यापुढे सरकवला. "पाड ओरखडे. मी इथेच आहे."

अर्ध्या तासाने तिने चकती डोळ्यांसमोर धरली.

"अजून नाक दिसतंय माझं," ती म्हणाली, आणि परत दिली.