दोन खिडक्या, एक नंबर

आत्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आज संध्याकाळी विकलं जाणार होतं. कारण काय, तर कानातलं यंत्र बसत नाही!

"माझा कानच वाकडा," म्हणत तिने यंत्र टेबलावर आपटलं. टिकटिक ऐकू येत नाही, गिऱ्हाइकाचा फोन घेता येत नाही, मग दुकान ठेवून करायचं काय? माझं डोकंच फिरलं. यंत्र धरून ठेवणारा तो मऊ साचा तिच्याच कानाचं माप घेऊन केला होता ना? मग कान वाकडा कसा? तिला हाताला धरून थेट श्रवण केंद्रात नेलं.

"नंबर तर बरोबर आहे हो," खिडकीवरच्या बाई साच्यावरचा नंबर आत्याच्या पावतीशी ताडून म्हणाल्या. मी अशा नोंदींच्या डेटाबेसचीच कामं करते; घोळ नंबरातच असणार असं वाटून गप्प बसवेना. त्यांच्या प्रोग्रामरला बाहेर बोलावलं.

"नोंद केली की डेटाबेस आपोआप नंबर देतो," तो म्हणाला.

"तो तुम्हाला कळतो कसा?"

"सगळ्यात मोठा नंबर विचारतो. शेवटची नोंद आपलीच असते ना!"

"आपलीच कशी असेल, अहो! खिडक्या दोन आहेत!"

दुसरी खिडकी गेल्याच महिन्यात उघडली होती. आत्याची नोंद झाली आणि नंबर विचारेपर्यंत शेजारच्या खिडकीवर दुसऱ्या कुणाची तरी नोंद झाली. मोठा नंबर त्या दुसऱ्या माणसाचा, आणि चिकटला आत्याच्या मापाला.

"म्हणजे याच नंबरचा आणखी एक साचा तुमच्याकडे असणार. बघा."

बाईंनी खण उघडला. होता! चांगला छोटासा. प्रोग्रामर बिचारा लालेलाल झाला. "नोंद करतानाच त्याच नोंदीचा नंबर परत मागून घेतो," म्हणत तो कामाला लागला. बाईंनी त्या दुसऱ्या माणसालाही कळवायला घेतलं.

खणातला साचा आत्याच्या कानात अलगद बसला. ती मान वळवून भिंतीकडे बघायला लागली.

"ह्या घड्याळाची टिकटिक लंगडतेय," ती एकदम म्हणाली. "उतरवा ते खाली."

मला रडूच फुटलं. डोळे पुसत मी फोन लावला. "थांब, दुकान घेणाऱ्याला नको म्हणून कळवते."

"तू कशाला?" आत्याने फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि कानाला लावला. "माझं मी बोलेन."