गाय अडली तेव्हा मी कपाळावर होतो

मित्रांनो, मला डोळ्यांवर चढवलं की रिकाम्या खोलीत गाय उभी राहते! मी आभासी दृश्यं दाखवणारा एक जुना चष्मा आहे. कारखान्यात मला काचा आणि इवले कॅमेरे बसवले आणि जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात पाठवलं. कुणाला मी डेअरीत नासलेलं दूध ओळखायला नेलं, कुणाला अडलेल्या गायीपाशी. सर मला जिवापाड जपत.

वर्गात एक मुलगी होती. रक्ताचा थेंब दिसला की तिला भोवळ यायची, म्हणून सगळे तिला 'भोवळबाई' म्हणत. माझ्या गायीच्या पोटातल्या वासराचा एक पाय मागे दुमडलेला असे. ती घाईने ओढायची आणि वासरू दगावायचं. पण पोरगी चिवट! डोळे पुसून पुन्हा मला चढवायची.

एका दुपारी शेजारच्या गोठ्यातली मावशी धापा टाकत आली. "सर, चला हो! गाय अडलीय!"

सरांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. त्यांनी भोवळबाईकडे पाहिलं. "चल. हात तुझा, जबाबदारी माझी."

"सर, भोवळ आली तर?"

"माझ्या अंगावर पड. पण आधी वासरू काढ!"

ती धावत सुटली. सराव करताना तिने मला वर सरकवलं होतं, गडबडीत मी तिच्या कपाळावरच राहिलो! खरी गाय मी पहिल्यांदाच पाहत होतो. केवढी ती! कशी कण्हत होती!

भोवळबाईने खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, हात आत घातला आणि डोळे मिटले. "पाय मागे दुमडलाय," ती पुटपुटली. या वेळी तिने ओढलं नाही. कळ ओसरताच वासराला हळूच मागे सारलं, आत इजा होऊ नये म्हणून खूर तळहाताने झाकला आणि पाय सरळ केला.

"शाब्बास! आता कळ आली की ओढ!" सर ओरडले.

इतक्यात गायीने झटका दिला आणि मी उडालो तो थेट शेणात! डोळ्यांपुढे अंधार. नुसतं ऐकत राहिलो. धप्पकन काहीतरी पडलं. मग सगळं चिडीचूप.

आणि एक शिंक!

"शिंकलं गं माझं लेकरू!" मावशी रडत-हसत ओरडली. मला शेणातून उचललं ते भोवळबाईनेच, भोवळ न येता! मित्रांनो, मला हृदय असतं तर ते फुटलंच असतं आनंदाने!

त्या दिवशी माझ्या एका काचेला चरा पडला. आता नवे चष्मे आलेत आणि मी कपाटात धूळ खातो. त्यांच्या काचा मऊ फडक्याने पुसा, त्यांना उन्हात टाकू नका. आणि कंटाळून सराव सोडू नका. कुठल्या गोठ्यात कोण तुमच्या हातांची वाट पाहत असेल, सांगता येत नाही!