वाळूच्या कुंड्या

गेझिनाने शेवटची कुंडी आडवी करून भिंतीला टेकवली आणि वळून पाहिलं, तर मागे बारेंड भरलेली झारी घेऊन उभा.

"पाडल्यास? सगळ्या पाडल्यास?"

"झोपवल्या. नाताळ आलाय, बारेंड. आता पाणी नाही."

"घसे कोरडे पडलेत बिचाऱ्यांचे," असं म्हणत नवऱ्याने वाकून पहिली कुंडी सरळ उभी केली.

कुंड्या आडव्या करायची रीत त्यानेच तिला शिकवली होती. बोकेफेल्डच्या पठारावर नाताळ भर उन्हाळ्यात येतो, पाऊस जून-जुलैच्या हिवाळ्यात पडतो, आणि इथल्या रानफुलांचे कंद उन्हाळाभर कोरड्या मातीत निजून राहतात. कुंडी आडवी असली की चुकूनही कोणी पाणी घालत नाही. लग्न होऊन आली तेव्हा सुकल्या पानांची दया येऊन गेझिनानेच झारी उचलली होती, आणि बारेंडने हसत ती काढून घेतली होती. गेल्या हिवाळ्यापासून मात्र त्याला सकाळचं जेवण दुपारी आठवेनासं झालं. कधी तो तिला बहिणीच्या नावाने हाक मारी, कधी कॉफी दिल्याबद्दल पाहुण्यासारखे आभार मानी.

त्याच आठवड्यात दोन कुंड्या चिंब भिजलेल्या सापडल्या. आतल्या कंदांची लापशी झाली होती. गेझिनाला त्यांचं वाईट वाटलं, पण जीव टांगणीला लागला तो मार्चमध्ये, पावसाआधीच कोरड्या मातीतून फुलणाऱ्या मार्चफुलासाठी. गव्हासाठी डोंगरउतार नांगरला जायच्या आदल्या दिवशी बारेंडने तिथलं बी टोपीत घालून आणलं होतं. तसं फिकट गुलाबी मार्चफूल पुन्हा कुठे दिसलं नाही. कंद नारळाएवढा झाला, पण अजून फुलला नव्हता. 'दोघं मिळून बघू', असं तो दरवर्षी म्हणायचा. आता तेवढंही त्याच्याच हातून कुजून जाणार होतं.

"झारी काढून घे त्याच्याकडून," शेजारची ड्रीना म्हणाली. "म्हातारपणी नवऱ्याचे हे कसले लाड?"

"झारी हातात असली की तो बारेंड असतो गं. ती काढून घेतली तर माझ्या घरात कोण उरेल?"

ड्रीनाने कडक टोस्ट कॉफीत बुडवला. "मग फसव त्याला. तेवढं तर येतं ना तुला?"

गेझिनाने तेच केलं. तो झोपला असताना खऱ्या कुंड्या अंगणातल्या जुन्या पावभट्टीत नेऊन ठेवल्या आणि नुसत्या वाळूने भरलेल्या कुंड्यांची रांग स्वयंपाकघराच्या भिंतीशी लावली. स्वतःच्या माणसाला असं लहान मुलासारखं फसवताना तिला स्वतःची लाज वाटली.

आणि मग तो उन्हाळा कसा गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. दुपारी पठार उन्हात तरंगल्यासारखं दिसे, लांब कुठेतरी मेंढ्यांच्या घंटा वाजत, आणि बारेंड वाळूला पाणी घालत असे. ती बाकावर बसून बघत राही. तो कुंड्यांशी हळू आवाजात बोले, कधी जुनं गाणं गुणगुणे. रांगेच्या टोकाला, जिथे तिन्हीसांजेपर्यंत ऊन असे, तिथे पोचेपर्यंत झारी रिकामी होत असावी; शेवटची कुंडी तशीच राही. ओलसर वाळूचा वास घेत तिला डुलकी लागे. इतकं शांत ती कित्येक महिन्यांत झोपली नव्हती.

मार्च सरता सरता एका संध्याकाळी वारा गार झाला. आता कंद जागे व्हायचे. गेझिनाने भट्टीचं झाकण उघडलं. कोपऱ्यात, मार्चफुलाच्या जागी, कोळ्याचं जाळं होतं. तेही जुनं, धुळीने भरलेलं.

ती धावतच भिंतीपाशी आली. बारेंड पाणी घालत होता. रांगेच्या टोकाच्या कुंडीतून, कोरड्या मातीतून, अंगठ्याएवढा गुलाबी कोंब वर आला होता. तिने माती चाचपली. पाण्याचा टिपूस नव्हता. त्या कुंडीत पाणी न घालताच बारेंडने झारी खाली ठेवली. झारीत अजून पाणी डुचमळत होतं.

"तू आणलीस ही इथे?"

"भट्टीत अंधार होता," तो म्हणाला. "कंद उन्हात तापल्याशिवाय फूल येईल का, बाई?"

"आणि या बाकीच्या?"

"त्यात काय, नुसती वाळू आहे."

"मग रोज पाणी कशाला घालतोस?"

बारेंडने इकडेतिकडे पाहिलं आणि एखादं गुपित सांगावं तसा आवाज खाली आणला.

"माझी बायको येऊन बसते इथे. पाणी घालताना बघितलं की तिला झोप लागते. फार दमते ती हल्ली."

गेझिना कोंबाकडे पाहत राहिली. बारेंडने पाहुण्याला दाखवावा तसा तिला बाक दाखवला.

"बसा ना तुम्ही. येईलच ती एवढ्यात. हे फूल आम्ही दोघं मिळून बघायचं ठरवलंय."

"बसते," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी थोडी जागा ठेवून बसली.