शेवटचा प्रतिसाद

मीनाबाईंनी पुन्हा एकदा लिहिलं, ‘मी पिराजींची पत्नी. ते गेल्या महिन्यात वारले. कृपा करून इथे आता कुणी काही लिहू नका.’ मग चष्मा काढून त्या भाकऱ्या थापायला उठल्या. हात धुऊन परत येऊन बघतात, तर नवऱ्याचा तो धागा पुन्हा सगळ्यांच्या वर, आणि त्याखाली नवे टोमणे. मेलेल्या माणसाला तरी सोडा रे, असं त्या मोबाईललाच म्हणाल्या.

पिराजी सिटी बसचे कंडक्टर. निवृत्तीनंतर मोबाईलवर कोल्हापूरकरांच्या एका चर्चेच्या कट्ट्यावर रमायचे. तिथे कुणीही विषय काढावा आणि बाकीच्यांनी त्याखाली लिहीत जावं. त्या सगळ्या लिखाणाला धागा म्हणायचं. पिराजींनी जन्मात एकच धागा काढला. गडमुडशिंगीची रात्रीची गाडी शेवटची भाजीवाली चढेपर्यंत ते सोडत नसत, घंटीची दोरी नुसती धरून उभे राहत, एवढंच त्यात होतं. पण ‘रांगडा गडी’ असं नाव घेतलेल्या कुणीतरी खाली लिहिलं, म्हातारा थापा मारतोय, हा कंडक्टर होता का तेच आधी बघा. मग काय, ज्यांनी कधी बसची पायरी चढली नाही तेही तुटून पडले. पिराजी दवाखान्यात पडल्या पडल्या ते वाचायचे. “आयुष्यभर घंटी मारली, आन् ही म्हंत्यात न्हवताच,” असं म्हणून मोबाईल उशाखाली ठेवायचे आणि पुन्हा काढायचे. त्यातच गेले.

ते गेल्यावर कट्ट्यावर श्रद्धांजलीचा धागा निघाला. ‘भावपूर्ण’ची रांग लागली आणि दुपारपर्यंत तो कुठल्या कुठे बुडाला. शिव्यांचा धागा मात्र रोज वर. चांगुलपणाला कुणी दुसऱ्यांदा येत नाही, हे मीनाबाईंना त्या वयात कळलं.

कट्टा चालवणाऱ्या गुरुप्रसादचं राजारामपुरीत कॉम्प्युटरचं दुकान होतं. मीनाबाई तिथे गेल्या. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. धागा पुसून टाक म्हटल्यावर मात्र तो मान खाजवू लागला. सगळ्यात जास्त गर्दी तिथेच होते, पुसला तर लोक आपल्याच अंगावर येतील, असं काहीबाही सांगत राहिला. शेवटी म्हणाला, “काकू, राग मानू नका. पर धागा तुमीच वर काढताय की.”

“मी? मी तर बंद करा म्हणून लिवतोय.”

“व्हय, पर लिवलं की त्यो वर येतोय. ज्यात शेवटचं कुणी लिवलं, त्यो पयला दिसतोय. चांगलं लिवलं का वाईट, त्येला काय कळत न्हाय. तुमी गप बसा. आपसूक खाली जाईल.”

मीनाबाईंनी चहा तसाच ठेवला. इतके दिवस नवऱ्याची अब्रू आपणच चव्हाट्यावर आणून ठेवत होतो, या विचाराने त्यांना रिक्षात रडू कोसळलं.

संध्याकाळी रांगड्या गड्याने लिहिलं होतं, ‘बायकोच्या नावाने कोण लिहितंय? खरा कंडक्टर असेल तर पुरावा द्या.’

पुरावा कपाटात होता. मीनाबाईंनी कंडक्टरचा पितळी बिल्ला काढला, चिंचेने घासून लखलखीत केला, त्याचा फोटो घेतला. ‘हा बघ’ असं लिहून झालं. अंगठा बटणावर आला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी लिहिलेलं पुसलं. फोटोही पुसला.

धागा खाली जाऊ लागला. जुन्या स्कूटरच्या जाहिरातीखाली, खड्ड्यांच्या भांडणाखाली, मग पलीकडच्या पानावर. त्याच्याबरोबर गडमुडशिंगीची गाडीही गेली, भाजीवाल्याही गेल्या. आता पिराजींना कुणी खोटं म्हणत नव्हतं, आणि खरंही.

मीनाबाई अधूनमधून पानं उलटत तिथवर जातात. वरून खालपर्यंत सगळं वाचतात. अगदी शेवटी त्या माणसाचंच वाक्य आहे, ‘पुरावा द्या’. ते वाचतात आणि काहीही न लिहिता मोबाईल बंद करतात.