बावन्न रुपये कमी

फोनमधल्या बँकेच्या मदतकक्षाच्या चौकटीत आशयने तोच प्रश्न तिसऱ्यांदा टाइप केला आणि या वेळी शेवटी ‘कृपया’ जोडले. बरणीतले संदेश उतरवून घेता येतील का?

उत्तर तत्काळ आले, आणि तेच आले. पैसे सुरक्षित आहेत. महिनाअखेरीस ते मूळ बँकेतल्या बचत खात्यात जमा होतील. व्यवहारांची फाइल डाउनलोड करता येईल. संदेश हा व्यवहाराचा भाग नसल्यामुळे ते त्यात मिळणार नाहीत.

“पैशांचं कोण विचारतंय,” तो पुटपुटला.

शेजारच्या टेबलावरच्या शलाकाने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. ती पुण्याची; या कानडी शहरातल्या, एचएसआर लेआउटमधल्या ऑफिसात तिच्याएवढे मराठी कोणी बोलत नसे, आणि आशयएवढे कमी कोणी बोलत नसे.

“‘चिल्लर’ बंद होतंय तेच ना? माझी बहीण पण वैतागलीये. अरे, दुसरं ॲप घे. मी लिंक पाठवते. ते सगळे एसएमएस वाचतं आणि महिन्याच्या शेवटी सांगतं, बाहेरचं किती खाल्लंस.”

“त्यात दोघांना मिळून साठवता येतं?”

“ओहो! कोण ती?”

“वडील.”

शलाकाने दुसराही हेडफोन काढला. “बाबांबरोबर जॉइंट बरणी? मी माझ्या बाबांना ओटीपीसुद्धा सांगत नाही!”

तो हसला आणि पुन्हा पडद्याकडे वळला. याहून अधिक सांगायचे तर फार मागे जावे लागले असते.

‘चिल्लर’ ही शाखा नसलेली, केवळ फोनमध्ये राहणारी बँक. तिच्यात पैसे साठवायला बरण्या होत्या. प्रत्येक बरणीला आपण नाव द्यायचे, उद्दिष्टाची रक्कम ठरवायची. रक्कम पूर्ण झाली की पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उधळले जात आणि बरणी संदेशांसकट कायमची नाहीशी होई. आशयची ‘हंपी’ नावाची बरणी अशीच उधळून गेली होती, आणि ते त्याने वडिलांना सांगितलेही होते. त्यांच्याशी फोनवर झालेल्या दोन वाक्यांहून लांब अशा मोजक्या संभाषणांपैकी ते एक होते. एरवी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीत, आईवडिलांच्या घरी फोन लावला आणि वडिलांनी, श्रीकांतरावांनी, उचलला, तर ठरलेले शब्द येत: “आशय का? हं. थांब, आईला देतो.”

साडेतीन वर्षांपूर्वी पहिल्या बोनसचे पंचवीस हजार टाकून त्याने ‘दुर्बीण’ ही बरणी उघडली आणि वडिलांना तिच्यात जोडून घेतले. शनीची कडी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची, असे ते निवृत्तीच्या दिवशी म्हणाले होते, तेही आईला. तेव्हापासून दर रविवारी दोघे प्रत्येकी एकशे एक रुपये टाकत. प्रत्येक भरण्यासोबत चाळीस अक्षरांचा संदेश लिहिता येई. सरकारी कारखान्यात चौतीस वर्षे मापनयंत्रे तपासून नोंदवहीत शेरे लिहिणाऱ्या माणसाला चाळीस अक्षरे म्हणजे ऐसपैस जागा होती.

‘शनी सध्या पहाटे. ढग आहेत.’

‘जिन्यातला दिवा बदलला. नऊ वॅट.’

‘खोकला कमी झाला का?’

‘आईने तुला चकल्या ठेवल्यात. मी खातोय.’

आशयही उत्तरादाखल एकशे एक रुपये टाकी: ‘झाला.’ किंवा ‘दोन तरी ठेवा.’ पंधरा किलोमीटरवर राहणारी ही दोन माणसे जे काही एकमेकांशी बोलली होती, ते जवळजवळ सगळे त्या बरणीत होते.

पुढचे तीन दिवस त्याने एक एक पर्याय उघडून पाहिला, आणि मनातल्या धास्तीपेक्षा कुतूहलच हळूहळू वर येत गेले. पैसा कसा ठेवावा याबद्दल माणसांच्या किती कल्पना असाव्यात! शलाकाचे ॲप मास्तरासारखे होते. दुपारी कॉफी घेतली की लगेच लाल अक्षरांत समज देई. दुसऱ्या एकाने खर्चाची झाडे केली होती. काटकसर केली की पाने फुटत, हात सैल सोडला की गळत. तिसऱ्यात दोघांची सोय होती, संदेशही होते, पण ते तयार चित्रांमधून निवडायचे. टाळ्या, फुगा, नाचणारी मांजर. वडील रविवारी सकाळी चष्मा कपाळावर सरकवून नाचणारी मांजर निवडत आहेत, असे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आले आणि त्याने ते ॲप काढून टाकले.

शनिवारी सकाळी त्याने साधा तक्ता उघडला, दोघांना मिळून लिहिता येईल असा. चार रकाने केले: तारीख, नाव, रक्कम, शेरा. तक्त्याला भरून संपणे ठाऊक नसते, हे त्याच्या लक्षात आले नाही. तक्ता शांत आहे, एवढेच त्याला आवडले. बरणीतले संदेश तो एक एक करून हाताने उतरवू लागला. तारखा जुळवण्यासाठी बँकेची फाइल त्याने शेजारी उघडून ठेवली.

दुपारपर्यंत तो एकशे अठ्ठेचाळिसाव्या ओळीशी पोहोचला. तेथे फाइलमध्ये एक ओळ जास्त होती. रक्कम नव्हती. नुसते लिहिले होते: उद्दिष्टात बदल, चाळीस हजारांवरून सेहेचाळीस हजार. श्रीकांत.

हे त्याला आठवत होते. त्या रविवारी वडिलांनी लिहिले होते, ‘किंमत वाढली. थांबू.’ त्याने ‘बरं’ म्हटले होते. त्याची नजर सहज शिलकेच्या आकड्यावर गेली: एकोणचाळीस हजार नऊशे अठ्ठेचाळीस. बरणी भरायला बावन्न रुपये कमी होते.

तो खुर्चीत थोडा पुढे सरकला. पुढची तशी ओळ त्याने शोधून काढली. सेहेचाळीसचे त्रेपन्न हजार. त्या दिवशी त्र्याण्णव रुपये कमी होते. त्यापुढे त्रेपन्नचे एकसष्ट. तेवीस रुपये कमी. तिन्ही वेळा श्रीकांत.

त्याला उधळून गेलेली ‘हंपी’ आठवली. मग दुकानाच्या संकेतस्थळावर जाऊन पहिल्या दिवशी ठरवलेल्या, सहा इंची आरशाच्या दुर्बिणीची किंमत पाहिली. साडेतीन वर्षांत त्याने ती एकदाही पाहिली नव्हती. उरलेले पैसे एका पगारातून सहज टाकता आले असते, तेही कधी टाकले नव्हते. किंमत अडतीस हजार होती. पहिल्या दिवसापेक्षा दोन हजारांनी कमी.

खाली रस्त्यावर नारळवाल्याचा कोयता खट्खट् वाजत होता. आशयने संकेतस्थळ बंद केले आणि एकशे एकोणपन्नासावी ओळ उतरवायला घेतली. संध्याकाळी साडेतीनशे ओळी पूर्ण झाल्या. तक्त्याच्या माथ्यावर त्याने ‘उद्दिष्ट’ असे लिहिले आणि पुढची चौकट रिकामी ठेवली.

रविवारी बनशंकरीला दार वडिलांनीच उघडले.

“आलास.”

“आलो.”

“आई आत आहे.”

शुभदाताई स्वयंपाकघरातूनच बोलू लागल्या. “आशू, आलास का? किती वाळलायस रे! आणि हे बघ, तुझी ती बँक बुडाली म्हणे? दोन दिवस झाले, हे नुसते येरझारा घालतायत. म्हटलं, साठ हजार गेले का? तर म्हणतात, पैसे आहेत. मग कशाला तोंड पाडून बसलात, विचारलं, तर उत्तर नाही.”

“बुडाली नाही गं, बंद होतेय.”

“सरी,” त्या इथल्या कानडी सवयीने म्हणाल्या, “तेच ते.”

वडील खिडकीपाशी उभे राहून समोरच्या गच्चीवरच्या टाकीकडे पाहत होते. “मग आता,” ते टाकीला उद्देशून म्हणाले, “पुढे काय व्यवस्था?”

“एक तक्ता केलाय,” आशय म्हणाला. “पैसे माझ्या खात्यात राहतील. नोंद तुम्ही-मी दोघांनी तिथे करायची. तुमच्या लॅपटॉपवर पाठवू?”

“पाठव.”

ते आतल्या खोलीत गेले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आशय बाहेर सोफ्यावर फोन घेऊन बसला. काही क्षणांनी त्याच्या पडद्यावर एक निळी चौकट उगवली. तिच्यावर वडिलांचे नाव होते. ती पहिल्या ओळीवर आली, दुसरीवर उतरली, मग एक एक ओळ खाली सरकू लागली. साडेतीन वर्षांतून कोणी बोट फिरवीत चालावे, तशी. खोकल्याच्या ओळीवर ती बराच वेळ थांबली. चकल्यांच्या ओळीवर आतून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“काय रे हे,” शुभदाताई हात पुसत दारात आल्या. “आठवड्यानं आलायस, आणि एक आत, एक बाहेर, दोघंही डोकं खुपसून! अरे, बोला की एकमेकांशी.”

“बोलतोय,” आशय म्हणाला.

“दिसतंय!” असे म्हणून त्या पुन्हा आत गेल्या. कढईत काहीतरी चरचरले.

निळी चौकट आता तक्त्याच्या माथ्याशी गेली होती. उद्दिष्टाच्या रिकाम्या जागेत सहाचा आकडा उमटला. पुसला गेला. पुन्हा सहा, आठ. पुसले गेले. आशयला जाणवले, की समोर मुलगा पाहत असताना त्यांना तो आकडा लिहिता येत नाही. दुर्बिणीची खरी किंमत त्यांना माहीत होती, आणि त्यालाही ती माहीत असू शकते, हे बहुधा त्यांच्या ध्यानात आले होते. चौकट जागच्या जागी लुकलुकत राहिली.

त्याने त्याच जागेवर बोट ठेवले आणि लिहिले: एक लाख वीस हजार.

आतल्या खोलीत खुर्ची करकरली. मग निळी चौकट सावकाश खाली उतरली, सगळ्यात शेवटच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात.

‘एवढी?’

त्याने खालच्या ओळीत लिहिले: ‘आठ इंचीची बघितली. त्यात कडी जास्त स्पष्ट.’

कढईतला आवाज थांबला. ताटे मांडल्याचा आवाज आला. मग अक्षरे उमटू लागली, एका बोटाने टाइप करणाऱ्या माणसाची, अंतर राखून येणारी.

‘मग दहा इंचीचीही चौकशी कर. घाई नाही.’

“पानं वाढलीयेत,” शुभदाताईंनी हाक मारली. “झाला का तुमचा हिशेब?”

श्रीकांतराव बाहेर आले. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, आणि पाटावर बसलेल्या आशयच्या शेजारी येऊन बसले.

“नाही,” ते म्हणाले. “किमती फार वाढल्यात.”

“फारच,” आशय म्हणाला, आणि पानाजवळ ठेवलेला चकल्यांचा डबा त्याने वडिलांच्या बाजूला सरकवला.