सीमेपलीकडचा वानोळा

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. मेहरूणच्या मोनालीने गणितात एम.एस्सी. करताना माझ्यावर एक प्रोग्राम लिहिला. तो मजकुराला कुलूप घालतो. किल्ली असेल त्यालाच मजकूर वाचता येतो. असोद्याचे केळीवाले त्यातून आपले भाव पाठवू लागले, तेव्हा माझंही कौतुक झालं. पुढे नवा लॅपटॉप आला आणि मी कपाटात गेलो. प्रोग्राम मात्र माझ्यातच राहिला.

या हिवाळ्यात मोनालीचा धाकटा भाऊ हितेंद्र याचा मस्कतहून फोन आला. तो तिथे फळांच्या कंपनीत आहे.

"अक्का, तुहा प्रोग्राम पाठव ना वं. आज साहेबाले दाखवला नाही तं माही बढती गेली."

"परदेशात पाठवायला परवाना लागत असेल तर?"

"परवाना इकनाऱ्याले लागतो. हा तं वानोळा हाये."

तुरीच्या शेंगा सोलता सोलता आई, सुमनबाई म्हणाल्या, "खरं हाये त्याचं. वानोळ्याले कोनी पावती मागते का?"

आपल्याकडे नवं पीक आलं की थोडं नातलगांना पाठवतात, बिनमोल. तोच वानोळा. मोनालीने मला बाहेर काढलं, प्रोग्राम इंटरनेटवर चढवला आणि हितेंद्रला लिंक पाठवली.

मग तिने नियम वाचला. अशा काही सॉफ्टवेअरला सरकारी परवाना लागतो. इंटरनेटवरून पाठवणं हीसुद्धा निर्यातच, आणि फुकट दिल्याने सुटका होत नाही. आपला प्रोग्राम त्यात बसतो का, हे तिला ठाऊक नव्हतं. बसत असेल तर गुन्हा तिच्या नावावर होता.

हितेंद्र फोन उचलेना. लिंक काढायच्या पानाचा पासवर्ड फक्त माझ्यातच साठवलेला होता, आणि ते पान उघडेना. माझा पंखा धुळीने घरघरत होता, बॅटरी संपत आली होती. चार्जरची पिन सैल झालेली. सुमनबाई ती बोटांनी दाबून बसल्या.

पान उघडलं. 'डाउनलोड : शून्य.' मोनालीने लिंक काढून टाकली.

लगेच हितेंद्रचा फोन आला. "लिंक उघडत नाही वं."

"मी काढली. आधी विचारते."

"आन् मी साहेबाले काय सांगू?"

"बहीण घाबरली म्हणून सांग."

त्याने फोन ठेवला. बढतीची जागा दुसऱ्याला मिळाली.

मोनालीने सरकारकडे विचारणा केली आहे. उत्तर अजून नाही. हितेंद्र आईशी बोलतो, तिच्याशी नाही.

मित्रांनो, डोळ्यांना न दिसणारी वस्तूही सीमा ओलांडते. पाठवण्याआधी विचारा, पाठवून झाल्यावर विचारणाऱ्याचा जीव कसा होतो, ते मी पाहिलं आहे. आणि आम्हा जुन्या यंत्रांची धूळ पुसत जा. त्या दिवशी मी मध्येच बंद पडलो असतो, तर मोनालीला कोणी वाचवलं असतं?