उलटी मखमल

"हे कोणी केलं?" मालकांनी विचारलं, आणि कटिंग मास्तरांचं बोट सरळ माझ्याकडे वळलं.

मखमलीला लव असते. एक पट्टा उलटा लागला, की तोच रंग वेगळा दिसतो. नाटकगृहाच्या नव्या पडद्यात मधोमध एक पट्टा काळपट दिसत होता. लवेची दिशा दाखवणारा खडूचा बाण मास्तर काढत, शिवण माझी. शिवून झालं की खडू झाडायचा, तोही मीच झाडलेला. म्हणजे पुरावा मीच पुसला होता!

"बाणाप्रमाणेच शिवलंय मी."

"सगळं लक्ष गप्पांत!" मास्तर सगळ्यांसमोर ओरडले.

मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नका, बाई."

घरात कमावणारी मी एकटी. नवरा गेल्यापासून देवाशी बोलणं टाकलेलं. मास्तर ख्रिस्ती, पण धर्माबद्दल कधी अवाक्षर काढत नसत. कुणा बाईचं मूल आजारी पडलं, तर तिचं काम मुकाट्याने उरकून टाकत. त्यांच्याकडे बघून मला वाटायला लागलं होतं, असेल बाई वर कोणीतरी. एका ओरडण्यात तेही गेलं. "ढोंगी मेला!" म्हणत मी घर गाठलं.

सकाळी माझा डबा आणि चष्मा आणायला गेले, तर मास्तर दारातच उभे.

"आत चला. काल सगळ्यांसमोर बोललो, आजही सगळ्यांसमोरच बोलणार."

त्यांच्या हातात त्याच पट्ट्याचा उरलेला तुकडा होता, त्यावर खडूचा बाण अजून तसाच. "बाण मीच उलटा काढला होता. बाईंची काही चूक नाही. वर ओरडलो, ही माझी दुसरी चूक. बाई, माफ करा."

तुकडा फेकून दिला असता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं!

मालकांनी मला ठेवलं. मास्तरांची कात्री मात्र काढून घेतली आणि त्यांना माझ्या शेजारी बटणं लावायला बसवलं.

"बाई, सुई ओवून देता का? डोळे गेले माझे."

"ते बाण काढतानाच गेले!"

मास्तर इतके खदखदून हसले, की मालक केबिनमधून डोकावले.

"कात्रीचं वाईट नाही वाटत?" मी हळूच विचारलं.

"वाटतं हो. तीस वर्षं हातात होती."

त्यांनी बटण उचललं. मी सुई ओवता ओवता डोळे मिटले आणि किती वर्षांनी म्हटलं, देवा, यांची कात्री यांना परत दे रे बाबा.

तेवढ्यात सुई बोटात घुसली.

"आई गं!"

"काय झालं, बाई?"

"काही नाही! तुम्ही बटणं लावा."